कोट बाहेर आहे

जयनगर, बेंगळूर
१८ जानेवारी १९९५

ति. स्व. अण्णास,
हेमीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आधी बातमी, मग बाकीचं. दुकानाच्या जागेचा करार जूनअखेर संपतो आहे आणि तो पुढे वाढवणार नाहीत, हे नक्की झालं. तिथल्या खाण कंपनीच्या इस्टेट ऑफिसात ह्यांचे वर्गमित्र आहेत ना, ते संक्रांतीला घरी आले होते. एळ्ळु-बेल्लाचा तिळगूळ खाता खाता त्यांनीच सांगितलं. कागदावर सही झालेली त्यांनी स्वतः पाहिली आहे. तुलाही नोटीस आली असणार आणि तू ती मापाच्या टेपाखाली ठेवून दिली असणार, एवढं मी तुला ओळखते.

मला वाईट वाटलं नाही असं समजू नकोस. ज्या दुकानाच्या काउंटरखाली मी लपाछपी खेळले, ते 'रघुजी अँड सन्स' बंद होणार. पण अण्णा, आता तिथे उरलंय काय? आजोबांच्या वेळी टोपीपासून बिस्किटापर्यंत सगळं मिळायचं. आता शाळेचे गणवेश आणि काज-बटणं. खाणीच एकेक करून झोपल्या, तर दुकान कोणासाठी जागं राहणार?

दिवाळीत डॉक्टर काय म्हणाले ते विसरू नकोस. काचबिंदूत जेवढी नजर गेली ती परत येत नाही, राहिली आहे ती ऑपरेशनने राखता येते, असं ते तुझ्यासमोर बोलले होते. दहा फेब्रुवारीची तारीख त्यांनी दिली आहे. तू आठ तारखेला ये. जिन्याजवळची खोली तयार आहे. ह्यांनी भिंतीला रंगसुद्धा दिला. तुला आवडेल असा म्हणाले, पण तो टूथपेस्टसारखा दिसतो, तेव्हा आल्या आल्या काही बोलू नकोस.

रम्या म्हणते, मामांकडून दुकानाचा सगळा इतिहास लिहून घ्यायचा. यायच्या आधी पत्रातून थोडा थोडा लिहीत जा. फोनवर तू सगळ्याला होकार देत फक्त सरी, सरी म्हणतोस आणि बूथवाल्याचं मीटर बघत बसतोस, म्हणून हे पत्र.

औषधाचे थेंब सकाळ-संध्याकाळ घालतोस ना? लोभ आहेच, तो तारखेला येऊन दाखवावा.

तुझी,
हेमी

*

रॉबर्टसनपेट, के. जी. एफ.
२९ जानेवारी १९९५

चि. सौ. हेमलता हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सोबतचे निप्पट्टू शेजारच्या राजलक्ष्मी टीचरच्या मुलांनी संपवले. मला वास मिळाला. नोटीस आली आहे. टेपाखाली नाही, कात्रीखाली ठेवली होती.

रम्याला सांग, आजोबा इथे आले तेव्हा इथे गाव नव्हतं, नुसती भोकं होती. इंग्रज कंपन्या सोन्यासाठी जमिनीत भोकं पाडत होत्या आणि त्यांत उतरणाऱ्यांचे कपडे आठवड्यात फाटत होते. आपण शिंपी. बेंगळूरच्या पेठेत आपली माणसं शहाजीराजांबरोबर आली म्हणतात. खरंखोटं देव जाणे. त्या पेठेत शिंपी फार आणि अंगं कमी झाली, म्हणून आजोबा शिवणयंत्र मांडीवर घेऊन बैलगाडीने इथे आले. पत्र्याच्या शेडमध्ये जाड किंतानाच्या विजारी शिवल्या. मग मेणबत्त्या ठेवल्या, मग बूट. साहेबांच्या मडमा आल्या तशी लेस, चिनी मातीची भांडी, डब्यातलं लोणी, नाताळची खेळणी. कोणा साहेबाने त्यांना सांगितलं की विलायतेत अशा दुकानाला डिपार्टमेंट स्टोअर म्हणतात. आजोबांना तो शब्द इतका आवडला की त्यांनी प्रत्येक कोपऱ्याला पाटी लावली. बटणांचा एक खण होता, त्यालाही बटण डिपार्टमेंट म्हणत. भांड्यांच्या फळ्यांना पुढून लाकडी पट्टी असायची, कारण खाली खोल खडक फुटला की वर सगळं गाव हलायचं. पट्टीमुळे बशा पडत नसत, नुसत्या किणकिणत. तुझं लहानपण त्या किणकिणीत गेलं.

दारं दोन होती. पुढचं कमानीचं साहेबांना, बाजूचं खाणवाल्यांना. दोन्हींच्या मधे काचेची खिडकी, आणि खिडकीत तो काळा कोट.

कोटाची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. ट्रेगो नावाचा खाणीवरचा एक तरुण कप्तान होता. त्याची नवरी बोटीने येत होती. त्याने लग्नासाठी कोट शिवायला टाकला. कोट कच्चा शिवून झाला आणि आजोबा दुकान बंद करून करगाची जत्रा पाहायला बेंगळूरला गेले. ट्रेगो अंगावर घालून बघायला आला, दार बंद बघून परत गेला, आणि त्याच पाळीला खाली खडक फुटला. त्याला वर आणला तेव्हा मापाचा प्रश्न उरला नव्हता.

तो कोट कोणी विकत घेईना. पुढे एक खाणवाला बाजूच्या दाराने आला. म्हणाला, मुलीकडचे लोक शिकलेले आहेत, अंगावर काही बरं नाही. आजोबांनी कोट काढून दिला. कापडाचा काय दोष, म्हणाले. घाल आणि परत आण. शिवणीत माया भरपूर सोडलेली होती. कच्चे टाके घालून बारक्याला आत घ्यायचा, जाड्याला सोडायचा, कात्री मात्र लावायची नाही. तेव्हापासून निम्म्या गावाची लग्नं त्या कोटात झाली. आणि आजोबांनी नियम केला: कोट बाहेर असेपर्यंत दुकान बंद करून कोणी गाव सोडायचं नाही. जो परत येणार आहे, त्याला दार बंद दिसता कामा नये.

आता मुद्द्याचं. कोट बाहेर आहे. खाणीतल्या मुनुस्वामीचा मुलगा सेल्वराज तुमच्या बेंगळुरात के. आर. पुरमला कारखान्यात लागला आहे. पोंगलनंतर त्याचं लग्न झालं. कोट तोच घेऊन गेलाय. आणून दिला की निघतो. दहा तारखेच्या आत येईल.

भिंत रंगवणाऱ्या योगीराजांना म्हणावं, टूथपेस्ट चांगलीच असते.

आशीर्वाद आहेत, ते तिकीट न लावताही पोचतात.

तुझा अण्णा,

विश्वास

*

जयनगर, बेंगळूर
१३ फेब्रुवारी १९९५

ति. स्व. अण्णास,
नमस्कार, पण रागातला.

दहा तारीख गेली. मी सकाळपासून फाटकाकडे बघत बसले. ह्यांनी डॉक्टरांना जाऊन सांगितलं की पेशंटचा कोट बाहेर गेला आहे. डॉक्टरांना वाटलं, थंडी वाजते म्हणून येत नाहीत. ते म्हणाले, स्वेटर घालून येऊ दे! आता चार मार्चची तारीख दिली आहे आणि बजावून सांगितलं आहे की ह्या रोगात दुखत नाही, म्हणूनच माणूस फसतो.

अण्णा, ट्रेगोची गोष्ट वाचून मी रडले, हे खरं. आम्हांला लहानपणी एवढंच सांगितलं होतं की कोटाला हात लावायचा नाही. मला तर कापायच्या टेबलाजवळही येऊ दिलं नाही. मुलगी म्हणून फक्त टाचण्या धरायला बोलावत. पण शंभर वर्षांपूर्वी एक साहेब दारातून परत गेला, म्हणून आज तू डोळा घालवणार का? आजोबा असते तर त्यांनीच तुला कान धरून गाडीत बसवलं असतं.

आणि मला एक शंका येते. करार संपतोय हे तुला पोंगलच्या आधीच ठाऊक असणार. तरी तू कोट दिलास. दुकान बंद करायचं नाही म्हणून तर दिला नाहीस? तुझं मन मला खिडकीतल्या हँगरसारखं दिसतं. रिकामं असलं तरी झुलतं.

रम्याचा साखरपुडा मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठरतोय. देवनहळ्ळीचे लोक आहेत, द्राक्षांचे मळे आहेत, आणि बोलायला लागले की मळ्याच्या बाहेर येत नाहीत. मुलगा मात्र गुणी आहे. मामा हवाच, असं रम्याने सांगून ठेवलं आहे.

ह्या गडबडीतून हात मोकळा झाला की मी स्वतः के. आर. पुरमला जाऊन त्या सेल्वराजाला धरते.

राग ओसरला की लोभच उरतो, तेवढा ठेवावा.

हेमी

*

रॉबर्टसनपेट
२६ फेब्रुवारी १९९५

चि. सौ. हेमलता हिस,
अनेक आशीर्वाद.

तू के. आर. पुरमला जाऊ नकोस. दिलेला कोट मागायला माणूस पाठवायचा नाही, हीही रीतच आहे. मागितला की ते उसनं होतं, न मागता आला की मान. वडिलांच्या हयातीत एकदा तो पावसाळाभर बाहेर होता, नवऱ्याला लग्नानंतर टायफॉइड झाला म्हणून. बरा होऊन आला तेव्हा कोट त्याच्या अंगावर असा लोंबत होता की वडिलांनी तिथेच टाके घातले आणि घरी जाताना घालून जा म्हणाले.

पुढचा इतिहास. साहेब गेले, कंपनी सरकारची झाली, ते दिवस तुला आठवत असतील. बंगल्यांतले पियानो लिलावात निघाले. ज्या मडमा आपल्याकडून बशा घेऊन गेल्या, त्यांनी त्याच बशा परत आणल्या. वडिलांनी निम्म्या घेतल्या, कारण नाही म्हणवेना. त्यानंतर बरेच दिवस कमानीच्या दाराने कोणी आत येईना. ते दार सताड उघडं होतं, पण खाणवाले सवयीने बाजूनेच येत. वडील गेल्यावर मी बाजूचं दार फळ्या ठोकून बंद केलं, म्हणजे सगळ्यांना कमानीतूनच यावं लागेल. मुनुस्वामी पहिल्यांदा कमानीतून आला तेव्हा त्याने चपला बाहेर काढल्या. मी रागावलो. तो म्हणाला, पायाला लाज वाटते, राव, मला नाही. ह्या दुकानाच्या इतिहासात मी काय केलं असं रम्या विचारील, तर एवढंच. बाकी मी एकेक डिपार्टमेंट बंद करत गेलो. आधी भांडी, मग खेळणी, मग बूट. बटण डिपार्टमेंट अजून चालू आहे.

योगीराजांनी जयनगरच्या कॉम्प्लेक्समध्ये गाळा घेऊन देतो म्हटलं होतं, त्याला किती काळ झाला. तेव्हा आलो असतो तर आज गल्ल्यावर बसून तुझ्यासारखा जाडा झालो असतो. नाही आलो. इथे वारा सुटला की सोनं काढून उरलेल्या सायनाइडच्या ढिगाऱ्यांची पांढरी माती दुकानात येते, रोज काच पुसावी लागते. ती पुसता पुसता दिवस जातो, आणि माणसाला वाटतं आपण काही करतो आहोत.

चार तारखेचं बघतो. कोट येईलच. नाही आला तर डॉक्टरांना माझा नमस्कार सांग.

साखरपुड्याला माझा आशीर्वाद. मुलाला म्हणावं, द्राक्षं पाठव.

विश्वास

*

(पोस्टकार्ड)
जयनगर, ८ मार्च १९९५

अण्णा,
घाईत लिहिते. साखरपुडा पार पडला, तुझ्या नावाचा पाट रिकामा होता. चार तारीखही गेली. तुझं मागचं पत्र रम्याने बघितलं आणि तिला रडूच आलं. पहिल्या पानाच्या ओळी सरळ आहेत, दुसऱ्या पानावर एक ओळ दुसरीवर चढली आहे, आणि कागदाच्या डाव्या कडेला तू शाईने टेबलावरच लिहीत गेला असणार, कारण अर्धे शब्द कागदात नाहीतच. खडूची रेघ न आखता सरळ कापणारा माणूस तू. खरं सांग, किती दिसतं?

रविवारी मी के. आर. पुरमला जाते आहे. रीत तुझी, पाय माझे.

हेमी

*

जयनगर, बेंगळूर
१४ मार्च १९९५

ति. स्व. अण्णास,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

कार्डाचं उत्तर आलं नाही. हे पत्र शांतपणे वाच. वाचता येत नसेल तर राजलक्ष्मी टीचरला हाक मार. तिला मराठी वाचता येत नाही, पण माझं अक्षर तरी मोठं आहे की नाही ते सांगेल.

रम्याला घेऊन गेले. रेल्वेच्या रुळांपलीकडे एक गल्ली आहे, ती सगळी तुमच्याच गावची आहे. तुमच्या खाणीच्या चाळींतली, त्या लायनींतली मुलं इथे कारखान्यांत लागली, आणि एकमेकांच्या शेजारी खोल्या घेऊन राहिली. मला वाटलं मी बेंगळुरात नसून रॉबर्टसनपेटच्या बाजारातच फिरते आहे. मी रघुजींच्या दुकानातली अक्का म्हटल्यावर दारात बायका गोळा झाल्या. सेल्वराजची बायको कावेरी, नवीनच लग्न झालेली, हसरी मुलगी आहे. तिने बसायला दिलं, फिल्टरची कापी दिली. आणि कोट कुठे म्हणून विचारलं तर कौतुकाने दाराआड बोट दाखवलं. खिळ्याला टांगलेला, वर जुनं धोतर पांघरलेलं, धूळ लागू नये म्हणून.

मी म्हटलं, लग्न होऊन दोन महिने झाले, मग परत का नाही? त्यावर ती पोर अभिमानाने सांगायला लागली. अण्णा, त्या मुलांना जागेच्या कराराची बातमी तुझ्याआधी कळली होती. सेल्वराजचा चुलता इस्टेट ऑफिसात शिपाई आहे. आणि आजोबांचा नियम तर तुमच्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. कोट बाहेर असेपर्यंत रावांचं दुकान बंद होत नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं की कोट परत जाऊच द्यायचा नाही. सेल्वराजच्या लग्नानंतर तो शेजारच्या मुलाने घातला, मग त्याच्या मेहुण्याने. लग्न नसेल तेव्हा कावेरीच्या दाराआड राहतो. जूनपर्यंत असाच फिरवत ठेवायचा, म्हणजे कंपनीच्या लोकांनाही दार लावता येणार नाही, अशी त्यांची समजूत. रम्या ऐकून हसायला लागली. मीही हसले असते, दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर.

मग मी तुझ्या डोळ्याचं सांगितलं. कावेरीने हातातला पेला खाली ठेवला. तेवढ्यात सेल्वराज पाळी संपवून जेवणाचा डबा घेऊन दारात आला. त्याला बायकोने तमिळमध्ये भराभर सांगितलं. तो आत आलाच नाही, उंबऱ्यावर बसला. तिथूनच म्हणाला की बापाला, मुनुस्वामीला, रिटायर झाल्यावर खोकल्याने धाप लागायची, तरी संध्याकाळी तो त्या खिडकीशी जाऊन उभा राहायचा आणि ह्याला दाखवायचा, हा माझा कोट. खाण गेली, लायनी पडायला आल्या. दुकान गेलं तर आमच्या पोराला तिथे नेऊन दाखवायचं काय? आणि मग त्याने मला विचारलं, रावांनी एक निरोप का पाठवला नाही? एका शब्दावर आम्ही धावत आलो असतो.

हे उत्तर माझं नव्हे. तूच दे.

मी कोट घेऊन येणार होते, पण त्याने दिला नाही. म्हणाला, ज्याने नेला त्यानेच आणून द्यायचा. येत्या रविवारी सगळे मिळून येतील. त्याच्याबरोबर लगेच निघून ये. मला माझाच राग येतो आहे. महिनाभर मी तुला रागाची पत्रं लिहीत बसले. त्याऐवजी अडीच-तीन तासांच्या बसमध्ये बसले असते तर.

लोभ, भीती आणि वाट, तिन्ही आहेत.

हेमी

*

रॉबर्टसनपेट
२१ मार्च १९९५

चि. सौ. हेमलता हिस,
अनेक आशीर्वाद.

कागदावर कापायची लोखंडी पट्टी ठेवून लिहितो आहे, म्हणजे ओळी आपल्या रुळावर राहतील. तुझी पत्रं टीचरच्या थोरल्या मुलीने वाचली. शाळेत हिंदी आहे तिला, अक्षर तेच. अर्थ कळत नसल्यामुळे ती फार छान वाचते, कुठे थांबत नाही.

रविवारी मुलं आली. गाडीभर होती. कोट चादरीत गुंडाळून आणला होता. कमानीतून आली, आणि चपला कोणी काढल्या नाहीत, हे मला आवाजावरून कळलं. सेल्वराजने चादर सोडली. मीच कोट हातात घेतला. आत बोटं फिरवली तर निरनिराळ्या हातांचे टाके. काही लांब, भरभर घातलेले. काही इतके बारीक की घालणारीला नवरा फार आवडत असावा. कात्री कोणी लावली नव्हती. मी सगळे टाके उसवले. त्याला डोळे लागत नाहीत.

आता तुझं विचारणं. दिवाळीत डावा डोळा अंधुक होता. फेब्रुवारीत तो गेला. उजव्याने दोऱ्याच्या रिळाच्या भोकातून बघावं तसं दिसतं. मधलं तेवढं दिसतं, कडा नाहीत. काल इथल्या इस्पितळात दाखवलं. डॉक्टरांनी तेच सांगितलं जे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असतं, फक्त उशिरा. डावा येणार नाही. उजवा राखता येईल की नाही, ते आता तिकडे बघितल्यावर ठरेल. तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू आली असतीस.

निरोप का पाठवला नाही, ह्याचं उत्तर सेल्वराजला मी दिलं नाही, तुला देतो. मुलं कोट मुद्दाम अडवून ठेवत आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. पण मला विचारावंसंही वाटलं नाही. सकाळी उठून रिकामा हँगर बघायचा, कोणाचं तरी लग्न चाललंय म्हणायचं, आणि काच पुसायची. एवढ्या वर्षांत दुकानात मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

आजोबांनी नियम केला तो दाराशी आलेला माणूस परत जाऊ नये म्हणून. मी नियम पाळला, आणि तू पत्रातून तारीख घेऊन दोनदा दाराशी येऊन परत गेलीस. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मुलं चहा पीत होती. मी त्यांना आणखी चहा घ्यायला सांगितलं. त्यांना आधीच खूप लागलं आहे. तू त्यांना काही बोलू नकोस. कावेरीला साखरपुड्याचा लाडू पाठव.

दुकानातलं सामान असं. शिवणयंत्र टीचरच्या मुलीला दिलं. फळ्यांच्या पुढच्या पट्ट्या मुलांनी मागितल्या, एकेकाने एकेक नेली. त्यांच्या तिकडे काही हलत नाही, पण बशा आहेत. बटण डिपार्टमेंट मी बरोबर घेऊन येतो आहे, ट्रंकेत मावतं. पाटीसकट.

येत्या रविवारी सकाळच्या मारिकुप्पमहून सुटणाऱ्या गाडीने निघतो. सेल्वराज न्यायला येणार आहे. किल्ली मी आजच इस्टेट ऑफिसात देऊन आलो. तिथल्या माणसाने विचारलं, राव, कुलूप लावून देणार ना? मी म्हटलं, कुलूप तुमचं तुम्ही लावा. कारण रविवारी कोट माझ्या अंगावर असणार आहे. कोट बाहेर असताना आमच्या घरातल्या माणसाने दार लावायचं नाही. मी हा कोट आजवर घातला नव्हता. माझ्यासाठी कधी कोणी टाके घालायची वेळ आली नाही. घालून बघितला, खांद्यावरून उतरतो. माझ्या स्वतःच्या अंगावर मला टाके घालता येईनात, तेव्हा तसाच ढगळ येतो. सुईदोरा घेऊन ये. टाचण्या धरून पुष्कळ झालं. आता टाके तू घाल.

कावेरीच्या भावाचं आवणी महिन्यात, म्हणजे आपल्या श्रावणात, लग्न आहे. त्याने कोट आत्ताच विचारून ठेवला आहे. त्या टूथपेस्ट रंगाच्या भिंतीला, जिन्यावरून दिसेल अशा बेताने, योगीराजांना एक खिळा ठोकून ठेवायला सांग.

गाडी के. आर. पुरमला दहाच्या सुमारास येते म्हणतात. तू फलाटावर उभी राहा. बाजूला असलीस तर मला दिसणार नाहीस, तेव्हा लांबून हात हलवत बसू नकोस. हाक मार. लहानपणी काउंटरखालून मारायचीस तशी, मोठ्याने. मी आवाजाच्या दिशेने उतरेन.

विश्वास